तिशीतले डायरेक्टर सर

नीट-पीजीचा निकाल लागतो, सीट मिळते आणि पहिला फोन जातो सीनियरला. कॉलेज आपलं घाटी असो की मुंबईतलं, प्रश्न ठरलेला: तिथले एचओडी कसे आहेत? हा प्रश्न फालतू नाही बरं का. पुढची तीन वर्षं तुम्ही काय शिकणार, किती झोपणार आणि चुकलात तर कुणाकडे जाणार, हे बरंचसं त्या एका माणसावर अवलंबून असतं.

म्हणून आज अशाच एका सरांची गोष्ट वाचा. नाव तुम्ही शाळेपासून ऐकलंय: डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीन, युद्ध आणि व्ही. शांताराम यांचा सिनेमा एवढं आपल्याला माहीत असतं. पण ते शिकणाऱ्या डॉक्टरांचे प्रमुखही होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. तेवढ्यात 1938 मध्ये, जपानच्या हल्ल्यात होरपळणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने डॉक्टर पाठवायचं ठरवलं. पाच जणांचं पथक निघालं, त्यात कोटणीस होते. वय 27. म्हणजे आजच्या एखाद्या रेसिडेंटएवढं! वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत. 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात.

जानेवारी 1941 मध्ये उत्तर चीनमधल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि 1939 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या या रुग्णालयाला मेडिकल स्कूल जोडलेलं होतं. मोठी इमारत वगैरे विसरा. खेड्यांमधून चालणारं काम, आणि शत्रू जवळ आला की सगळं उचलून दुसरीकडे जायचं.

इथे कोटणीस सरांनी काय केलं? ते चिनी शिकले, बोलायला आणि लिहायलाही. मुलांना ते त्यांच्याच भाषेत शिकवत. शस्त्रक्रियेचं पुस्तक हवं होतं, तर स्वतःच लिहायला बसले. विद्यार्थ्याला कळत नसेल तर आधी आपण बदलायचं, ही त्यांची पद्धत.

आता गोष्टीची दुसरी बाजू. त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या. तरी काम थांबवलं नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले. वय फक्त 32. दुसरं पुस्तक अर्धवट राहिलं. त्याच शाळेत शिकवणाऱ्या नर्स क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं होतं. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

त्या 72 तासांना आपण सलाम करतो, करायलाच हवा. पण ते युद्ध होतं. आजच्या वॉर्डात एखादा सीनियर तेच उदाहरण देऊन 36 तासांची ड्युटी लावत असेल, तर जरा थांबून विचार करा. 2023 च्या पीजी नियमांमध्ये रेसिडेंटला कामाचे तास आणि विश्रांती वाजवी असावी, असं म्हटलंय. पण वाजवी म्हणजे नेमके किती तास, हे तिथे लिहिलेलं नाही. मग ते ठरवतं कोण? पुन्हा एचओडीच!

तुमच्यापैकी कुणीतरी उद्या त्या खुर्चीत बसेल. तेव्हा कोटणीसांकडून विद्यार्थ्यांची भाषा शिकण्याची तयारी नक्की घ्या. न झोपण्याची सवय मात्र नका घेऊ, आणि ज्युनियरलाही लावू नका.