विल्यम हर्शेल व त्याची घरगुती ओतशाळा

आपल्या पंचांगांत व जन्मपत्रिकांत हर्षल नांवाचा एक ग्रह मांडलेला असतो. हें नांव कोणा देवाचें किंवा ऋषीचें नसून एका मनुष्याचें आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. ज्यानें तो ग्रह शोधून काढिला त्या विल्यम हर्शेलचेंच नांव आपल्याकडे त्या ग्रहास पडलें. त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु त्या कीर्तीच्या मागें किती फुटलेले आरसे, किती दुखावलेलीं बोटें आणि किती वायां गेलेले दिवस होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं झाला. बाप पलटणीच्या बँडांत वादक होता. मुलगाही त्याच धंद्यांत शिरला. १७५७ सालीं तो इंग्लंडांत आला व १७६६ मध्यें बाथ शहरांतील ऑक्टॅगन चॅपलमध्यें त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. दिवसा शिकवण्या आणि सायंकाळीं जलसे, असा त्याचा क्रम होता. पुढें त्याला आकाश पाहण्याचा छंद लागला. पण मोठ्या दुर्बिणीस लागणारा आरसा विकत घ्यावा तर किंमत आवांक्याबाहेर! तेव्हां १७७३ सालीं बाथमधील एका गृहस्थाजवळचीं जुनीं हत्यारें विकत घेऊन त्यानें आरसे घरींच करण्याचा निश्चय केला.

त्या काळीं दुर्बिणीचा आरसा कांचेचा नसे. तांबें व कथील यांच्या मिश्रणाचा रस सांच्यांत ओतून तो करीत. आपल्या काशाच्या भांड्यांतही हेच दोन धातु असतात; मात्र आरशांत कथिलाचें प्रमाण अधिक असतें. त्यामुळें धातूस शुभ्र चकाकी येते, परंतु तो कांचेसारखा ठिसूळ होतो. रस थंड होतांना एक भाग लवकर व दुसरा उशिरां निवला, कीं सर्व श्रम वायां जाऊन ओतीव तबकडीस तडा जाई.

लौकरच घराचा कारखाना झाला. दिवाणखान्यांत सुतारकाम चाले, तर दुसऱ्या खोलींत भाऊ अलेक्झांडर चरक फिरवी. जलशाहून परतलेला विल्यम अंगावरचे उंची कपडे न उतरतांच कामास लागे. त्यामुळें बाह्यांच्या झालरी फाटत आणि त्यांवर तापलेल्या डांबराचे डाग पडत. एका शनिवारीं मध्यरात्रीच्या सुमारास दोघे भाऊ कंदील घेऊन घरमालकाच्या सहाणेवर हत्यारांस धार लावावयास गेले. कारण रविवारीं सकाळीं हें काम करतांना लोकांनीं पाहूं नये, अशी त्यांची इच्छा होती. थोड्याच वेळानें विल्यमला मूर्च्छित अवस्थेंत घरीं आणावें लागलें. त्याच्या एका बोटाचें नखच उखडून गेलें होतें!

आरशास झिलई देतांना मध्येंच हात उचलला तर पृष्ठभाग बिघडे. एकदां तर विल्यमनें सलग सोळा तास हात उचलला नाहीं. १७७२ सालीं हॅनोव्हरहून आलेली त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन अशा वेळीं त्याच्या तोंडांत घांस भरवी आणि अरबी सुरस गोष्टी वाचून दाखवी. अशा रीतीनें स्वहस्तें घडविलेल्या, सहा इंचांहून किंचित् अधिक व्यासाच्या आरशानें १३ मार्च १७८१ रोजीं रात्रीं त्याला एक अपरिचित तेजोबिंदु दिसला. प्रथम त्याला तो धूमकेतु वाटला. पुढें तो नवा ग्रह ठरला.

या यशानंतर पांचच महिन्यांनीं त्याच्यावर मोठा प्रसंग आला. तीन फूट व्यासाचा आरसा ओतण्याचें त्यानें मनांत घेतलें होतें. घराच्या मागील खोलींत भट्टी उभारली गेली. सांच्यासाठीं घोड्याच्या लिदीची माती लागे. ती कॅरोलाइननें दिवसचे दिवस खलांत कुटून चाळली. पहिला आरसा निवतांना तडकला. दुसऱ्या खेपेस तर भट्टीच गळूं लागली व धातूचा रस दगडी फरशीवर वाहिला. त्या उष्णतेनें फरशीचे दगड फुटून छतापर्यंत उडूं लागले. ओतारी व दोघे भाऊ समोरासमोरच्या दारांनीं जीव घेऊन बाहेर पळाले आणि विल्यम थकून विटांच्या ढिगावर कोसळला.

त्या घरीं हा आरसा पुनः ओतला गेला नाहीं. पण हर्शेलनें आरशाचा नाद सोडिला नाहीं. १७८२ सालीं तिसऱ्या जॉर्ज राजानें त्याला वार्षिक दोनशें पौंडांचें वेतन दिलें. पुढें राजाच्याच मदतीनें स्लाव गांवीं चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी राहिली. तिचा चार फुटी आरसा लंडन येथील मोठ्या ओतशाळेंत ओतविला; कारण घरची भट्टी कोठवर पुरते, हें त्याला बाथमध्यें कळून चुकलें होतें. तेथेंही पहिला आरसा पातळ निघाला, दुसरा तडकला व तिसरा साधला. १७८९ सालीं शनीचे दोन नवे उपग्रह त्याच्या दृष्टीस पडले. तथापि तो अवजड आरसा लवकर काळवंडे. म्हणून नित्याच्या वेधांस हर्शेल आपली वीस फुटी दुर्बीणच वापरी. १७९५ पर्यंत त्यानें निरनिराळ्या मापांचे चारशेंहून अधिक आरसे तयार केले होते!

कॅरोलाइनचेंही साहस भावाहून कमी नव्हतें. १७८३ च्या अखेरच्या रात्रीं बर्फांत धांवतांना ती पडली व दुर्बिणीच्या लोखंडी आंकड्यानें तिच्या पायाचा लचका निघाला; तरी तिनें काम सोडिलें नाहीं. पुढें तिनें स्वतः आठ धूमकेतु शोधून काढिले. विल्यम २५ ऑगस्ट १८२२ रोजीं निवर्तला; कॅरोलाइन १८४८ सालीं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षीं, वारली.

विद्यार्थिमित्रहो, हर्शेलची भट्टी गळली ती ग्रह सांपडण्यापूर्वीं नव्हे, तर तो सांपडल्यावर. कीर्ति मिळाली म्हणून धातूनें त्याची भीड धरिली नाहीं. प्रत्येक फुटलेल्या आरशापासून तो कांहीं शिकला व पुढचा आरसा अधिक सावधपणें ओतूं लागला. चिकाटी म्हणतात ती हीच. आणि बिघडलेल्या दिवशीं पाठीशीं उभें राहणारें कॅरोलाइनसारखें माणूस घरांत असेल, तर त्याचे उपकार कधींही विसरूं नयेत.