पक्ष्यांचा जाणता मित्र : डॉ. सलीम अली



शाळेचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा गणितात मागे पडला, वर्गात त्याचे लक्ष नसते, सारा वेळ कुठल्या तरी निरुपयोगी नादात जातो. तेव्हा आता त्याला दुकानावर बसवावे की परदेशी काकांकडे पाठवावे? अशा वेळी निर्णय घेण्यापूर्वी आपण एका माणसाचे चरित्र अवश्य डोळ्यांसमोर आणावे. हा माणूस आपल्याच मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मला. मॅट्रिक जेमतेम पार पडला, कॉलेज अर्धवट सोडून व्यापारासाठी ब्रह्मदेशात गेला आणि पदवी नाही म्हणून एका चांगल्या सरकारी नोकरीला मुकला. तरीही पुढे साऱ्या जगाने त्याला भारतातील पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून मान दिला. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

चिमणी आणि एक प्रश्न

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. ह्या पोरक्या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावाजवळील खेतवाडीच्या घरी पोटच्या मुलांसारखे वाढवले. ज्या तय्यबजी घराण्यातील बद्रुद्दीन तय्यबजी यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम ह्या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेच हे घराणे.

मामांना शिकारीचा शौक होता. भाच्याच्या हातीही छर्‍याची बंदूक आली आणि घराभोवतालच्या चिमण्यांवर नेमबाजी सुरू झाली. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचे, हेच त्या वयातील सलीमचे स्वप्न होते. एके दिवशी त्याने पाडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका होता. मुसलमानाच्या मुलाने असा पक्षी खावा की खाऊ नये, ही शंका त्याच्या मनात आली आणि ती विचारण्यासाठी तो चिमणी घेऊन मामांकडे गेला.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. पुष्कळ घरांत अशा वेळी मुलाला दटावून परत पाठवले जाते. अमीरुद्दीन मामांनी तसे केले नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून मुलाला तिकडे धाडले. एका गोऱ्या साहेबासमोर उभे राहताना त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाची छाती धडधडली असेल. परंतु मिलार्ड साहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, संग्रहातील कपाटे उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे ह्याच संस्थेत सलीम पक्ष्यांची कातडी सोलून टिकवण्याची व त्यांवर नोंदीच्या चिठ्ठ्या बांधण्याची विद्या शिकला.

त्याच सुमारास त्याने वहीत एक नोंद केली होती. तबेल्यातील घरट्यापाशी त्याने एक नर चिमणा मारला; मादीने थोड्याच वेळात दुसरा नर जोडीला आणला. तोही मारला, तर तिसरा आला. असे आठवडाभर चालले. आज हे वाचताना वाईट वाटते. पण त्या मुलाने जे पाहिले ते क्रमाने आणि मोजून लिहून ठेवले, हे ध्यानात घ्या. जवळजवळ साठ वर्षांनंतर ती बालपणीची नोंद पक्षीनिरीक्षकांच्या पत्रिकेत छापण्याच्या योग्यतेची ठरली.

शिक्षणातील चढउतार

शालेय शिक्षणात मात्र सलीम यांची प्रगती सामान्यच होती. तेराव्या वर्षापासून डोकेदुखीने शाळा वारंवार बुडाली. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजातील पहिलेच वर्ष जड गेले आणि त्यांनी शिक्षण सोडून ब्रह्मदेशातील तवॉय गाठले. तेथे कुटुंबाचा वुल्फ्राम धातूच्या खाणींचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. हिशेबापेक्षा त्यांचे मन भोवतालच्या रानातच अधिक रमले आणि पुढे तो व्यवसायही बुडाला.

मित्रांनो, पदवीवाचून मोठा झालेला माणूस म्हणून सलीम अलींचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते आणि अभ्यास टाळणाऱ्यांना ते सोयीचे वाटते. पण ते अर्धेच खरे आहे. १९१७ साली मुंबईस परतल्यावर ते सकाळी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकू लागले. त्यांची खरी ओढ सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखली आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रमही पुरा केला. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. चारचौघांसारखा संसार चालायला ती पुरेशी होती. परंतु आपले ज्ञान अपुरे आहे ही टोचणी त्यांना बसू देईना. १९२८ साली रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. त्या वेळी त्यांचे वय बत्तीसच्या घरात होते. ज्या वयात आपण शिक्षणावर पडदा टाकतो, त्या वयात ते पुन्हा विद्यार्थी झाले.

१९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी म्युझियमने त्यांची जागाच रद्द केलेली!

किहीमची सुगरण

नोकरी नाही, पदवी नाही आणि चाळिशी जवळ येत चाललेली. अशा स्थितीत हे दांपत्य अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. कोकणातील आपल्या वाचकांना हे गाव परिचित असेल. तेथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरणीची लोंबती घरटी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. सलीम अली पावसाळ्यात दिवसचे दिवस ती टिपत बसले. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येऊन तपासणी करतात. एखादीने पसंत केले तर तो ते पुरे करतो, ती आत अंडी घालते आणि नर लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या ह्या पक्ष्याचा संसार असा चालतो, हे शास्त्रीय रीतीने त्यांनी मांडले. बेकारीच्या दिवसांत केलेले हे काम सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांना नाव मिळवून देणारे ठरले.

त्यानंतर त्यांनी सोसायटीपुढे एक योजना ठेवली. देशी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करावयाची. आपल्याला पगार नको, केवळ मोहिमेचा खर्च मिळावा. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. पुढे त्रावणकोर-कोचीन, १९३७ साली अफगाणिस्तान, मग मध्य भारतातील संस्थाने, म्हैसूर, कच्छ आणि १९४५ साली कैलास-मानसरोवर असा हा प्रवास चालला. कधी बैलगाडी, कधी पायपीट, मुक्कामाला तंबू. तहमीना बेगम सुखवस्तू घरातील आणि शिकलेल्या असूनही रानातल्या मुक्कामांत सोबत असत, आणि पतीच्या इंग्रजी लेखनावरही त्यांचा हात फिरे. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव फार खोल होता. त्यानंतर ते बहीण कम्मू व मेहुणे यांच्या घरी राहिले आणि पुन्हा कामाला लागले. भाच्याला मार्ग दाखवणारा मामा, उन्हातान्हात साथ देणारी पत्नी, घर देणारी बहीण. एका माणसाच्या विद्येमागे किती जणांचा त्याग असतो, पाहा.

ग्रंथकार, संपादक आणि रक्षक

१९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. साहेब अधिकाऱ्यांपुरते असलेले पक्ष्यांचे ज्ञान ह्या सचित्र पुस्तकामुळे सामान्य भारतीय घरांत पोहोचले. सोसायटीच्या जर्नलचे ते अनेक वर्षे एक संपादक होते. तारीख, ठिकाण आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट यांवर अशा नियतकालिकाची भिस्त असते, ऐकीव चमत्कारांवर नव्हे. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडला. पहिला खंड निघाला तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते! कामाबरोबर हौसही होती. मोटारसायकलचे त्यांना वेड होते. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी आपली सनबीम गाडी बोटीने युरोपात नेली.

बंदुकीने सुरुवात केलेल्या ह्या माणसाने रक्षणाचे कामही तितकेच मोठे केले. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशावाचून अडचणीत आली, तेव्हा पंडित नेहरूंना लिहून त्यांनी तिच्यासाठी मदत मिळवली. भरतपूरची पाणथळ भूमी शेतीसाठी जाऊ नये म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले. १९८५ साली ती जागतिक वारसा स्थळांत गणली गेली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली बुडू नये म्हणून झटणाऱ्यांतही ते होते.

भरतपूरचीच एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे, कारण थोर माणसाचे मतही चुकू शकते. तेथे म्हशींची चराई बंद व्हावी असे तज्ज्ञांचे मत होते आणि त्यास सलीम अलींचाही पाठिंबा होता. १९८२ साली बंदी आली, गावकरी चिडले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पाहणी केली, तेव्हा म्हशी नसल्यामुळे गवत माजून पाणी झाकले जाते व पक्ष्यांचे नुकसानच होते, असे आढळले. ज्या संस्थेत ते घडले, त्याच संस्थेने हा निष्कर्ष लपवला नाही. व्यक्ती कितीही मोठी असो, शेवटचा शब्द नोंदवहीचा असतो. सलीम अलींनी आयुष्यभर हाच मार्ग चोखाळला होता.

मानसन्मान

ज्यांना पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब लाभले. १९६७ साली ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने सुवर्णपदक दिले. ब्रिटिश नसलेल्या व्यक्तीला मिळालेले ते पहिलेच. वन्यजीव रक्षणासाठी मिळालेल्या गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्रही आले. त्याच्या नावात चिमणीच आहे. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर १९८८ साली झालेले पक्षी अभयारण्य आणि कोइमतूरची १९९० साली सुरू झालेली संशोधन संस्था त्यांचे नाव सांगतात.

पालकहो, आपल्या घरातील प्रत्येक मूल सलीम अली होणार नाही, आणि गणित कच्चे असणे ही काही गुणवत्तेची खूण नव्हे. परंतु उद्या आपला मुलगा अथवा मुलगी हातात एखादा किडा, पान किंवा पीस घेऊन प्रश्न विचारील आणि आपणास उत्तर येणार नाही, तेव्हा त्या अमीरुद्दीन मामांची आठवण ठेवा. उत्तर येत नसले तरी ज्याला येते त्याच्याकडे मुलाला पाठवता येते. शिक्षकांकडे पाठवा, ग्रंथालयात पाठवा. इल्मचा दरवाजा पुष्कळदा अशा एका चिठ्ठीने उघडतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एक साधी वही घ्या. वर तारीख, खाली ठिकाण आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच लिहा. सुरुवात अंगणातल्या चिमणीपासून करा. बंदुकीची मात्र गरज नाही.