बाबा पदमनजी : एका गुणाच्या उत्तरामागचा माणूस

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, असा प्रश्न परीक्षेत एका गुणासाठी येतो. ‘यमुनापर्यटन’, १८५७, लेखक बाबा पदमनजी, एवढे लिहिले की गुण मिळतो. गेल्या वर्षी मीही तो असाच मिळवला. पुस्तक मात्र वाचले नव्हते. या सुट्टीत ग्रंथालयातून ते आणले, आणि त्या एका ओळीच्या उत्तरामागे केवढे आयुष्य उभे आहे हे कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. आडनाव मुळे. वडील सरकारी नोकरीत होते आणि घरची स्थिती बरी होती. लहानपणी बाबा देवाधर्मात रमणारे होते. पोथ्या वाचाव्यात, पूजा करावी, व्रतवैकल्ये पाळावीत, असा त्यांचा स्वभाव. बेळगावच्या मिशन शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले.

तेव्हाची मुंबई म्हणजे बेटच. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ साली झाला आणि आगगाडी धावली १८५३ साली. मी राहते त्या कॉटन ग्रीनच्या बऱ्याच भागात त्या काळी समुद्राचे पाणी होते. माझगाव-शिवडीची भरणी बाबांच्या मृत्यूनंतर झाली. कापसाचा बाजार त्या वेळी कुलाब्याला भरत असे. परंतु कापसाच्या गाठींबरोबर या बेटावर नवी पुस्तके आणि नवे विचारही उतरत होते. बाबा फ्री चर्चच्या शाळेत शिकले. हीच संस्था पुढे विल्सन कॉलेज म्हणून नावारूपास आली. रॉबर्ट नेस्बिट यांच्यासारखे मिशनरी तेथे शिकवीत.

याच काळात, १८४९ साली, दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवांचे विवाह व्हावेत, असे तिचे विचार होते. पण सारे गुप्तपणे चाले. बाबा या सभेचे सभासद झाले. दाराआड एक वागायचे आणि बाहेर दुसरे, हे त्यांच्या मनाला फार काळ पटले नसावे. १८५४ साली बेळगावात त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. वय अवघे तेवीस. धर्मांतर म्हणजे त्या काळी घर, जात, नाती या सर्वांनाच मुकणे. ही किंमत चुकती केल्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले.

त्याआधीच्या वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायदा झाला तरी घरातली विधवा होती तेथेच होती. तिचे केशवपन चुकले नव्हते, एकवेळचे जेवण चुकले नव्हते आणि कानाकोपऱ्यात तोंड लपवून जगणेही चुकले नव्हते. बाबांनी यमुना आणि विनायकराव हे जोडपे निर्माण करून त्यांना प्रवासाला काढले. वाटेत त्यांना ठिकठिकाणच्या विधवा भेटतात आणि आपापली कहाणी सांगतात. पुढे विनायकरावाचा मृत्यू होतो. दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. अखेर ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

पुस्तकात धर्मप्रचार आहे, आणि तो झाकलेला नाही. कित्येक पाने प्रवचनासारखी वाटतात. पात्रे बोलता बोलता एकदम उपदेश करू लागतात. या कारणाने आपण त्याला नुसती प्रचारपुस्तिका म्हणून बाजूला सारतो. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. यमुना आणि विनायकराव एकमेकांशी बोलतात. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी दोन शब्द बोलणेही जेथे लाजिरवाणे मानले जाई, तेथे हे दोघे बरोबर प्रवास करतात आणि विचारविनिमय करतात. मराठी कादंबरीतील पहिली प्रेमकथा कोणती असे कोणी विचारले, तर मी या संसाराकडे बोट दाखवीन.

हे पुस्तक मी घरी आजीला थोडेथोडे वाचून दाखवले. माझे आजोबा येथील गोदामांत कापसाच्या गाठी वाहत. ते गेले तेव्हा आजी ऐन तिशीत होती. गावी नेऊन विहिरीवर तिच्या बांगड्या फोडल्या, हे तिने मला पहिल्यांदाच सांगितले, तेही यमुनेची गोष्ट ऐकताना. शेवट ऐकल्यावर ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिने विचारले, की पुन्हा संसार करायला त्या पोरीला धर्म का सोडावा लागला?

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाबांपाशी होते. त्यांच्या मते स्त्रीची सुटका ख्रिस्ताच्या मार्गानेच होणार होती. पण आजीचा प्रश्न त्या काळच्या इतरांनाही पडला होता आणि त्यांनी निराळ्या वाटा शोधल्या. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विष्णुशास्त्री पंडितांनी मुंबईत पुनर्विवाहाची चळवळ चालवली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली स्वतःच एका विधवेशी विवाह केला. वाटा निराळ्या असल्या तरी यमुनेचे दुःख कादंबरीत आधी मांडले ते बाबांनी, हे नाकारता येत नाही.

बाबांचे कार्य एवढ्यावर थांबले नाही. त्यांनी शिक्षकाचे काम केले, काही काळ पाळक म्हणून धर्मसेवा केली, नियतकालिके चालवली. मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी १८६३ साली सिद्ध केली. शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत गणले जाते. धर्म सोडला, पण मराठी भाषा त्यांनी सोडली नाही. १९०६ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाल्यानंतर १६५ वर्षांनी असा ठराव करावा लागला, याचा अर्थ ती गोष्ट अजून संपलेली नाही. बाबांचा धर्म आपण स्वीकारावा असे मुळीच नाही, त्यांचा निष्कर्षही पटलाच पाहिजे असे नाही. परंतु ज्या विधवांचे कोणी ऐकत नव्हते त्यांना त्यांनी बोलते केले. माझ्या घरीही एकीला बोलते केले.

पुढच्या परीक्षेत तो प्रश्न पुन्हा आला तर उत्तर तेच लिहावे लागेल आणि गुणही एकच मिळेल. मात्र ते लिहिताना या वेळी मला तांदूळ निवडणारी आजी आठवेल.