अँटेनाची उंची आणि हिंगणघाटचा लॅम्बटन

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एक प्रॉब्लेम हमखास येतो. विमान अमुक उंचीवर उडतंय, रडारने ते अमुक अंतरावर पकडलं पाहिजे, तर अँटेना किती उंच बसवावी? उत्तर काढणं सोपं आहे. अँटेनाची उंची आणि विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, दोघांची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. अँटेना २५ मीटर आणि विमान ९०० मीटर असेल तर ५ अधिक ३०, गुणिले ४.१२, म्हणजे साधारण १४४ किलोमीटर. अँटेना चौपट उंच केली तरी अंतर फक्त १६५ पर्यंत वाढतं. आणि तेच विमान १०० मीटरवर खाली आलं, की २५ मीटरच्या अँटेनाला ते ६२ किलोमीटरच्या आत येईपर्यंत दिसतच नाही. पॉवर कितीही वाढवा, मध्ये पृथ्वीच आडवी येते.

हा ४.१२ पाठ सगळ्यांना असतो, पण तो आला कुठून हे फारसं कोणी विचारत नाही. तो पृथ्वीच्या त्रिज्येतून येतो. हवा खाली दाट आणि वर विरळ असल्यामुळे रेडिओ लहरी थोड्या खाली वाकतात, म्हणून त्रिज्या ४/३ पट धरायची, म्हणजे ६,३७१ किलोमीटरचे सुमारे ८,५०० होतात. बाकी सगळं पायथागोरस. पण पृथ्वीची त्रिज्या आणि तिचा नेमका आकार काही आकाशातून पडला नाही. आपल्या देशात तो मोजण्यासाठी एका माणसाने वीस वर्षं पायपीट केली. त्याच्या मोजमापाची रेघ आपल्या भोकरच्या पट्ट्यातून वर गेली आणि तो स्वतः विदर्भात हिंगणघाटला वारला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. एव्हरेस्ट हे नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या या साहेबाचं नाव मात्र लायब्ररीत शोधावं लागतं.

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका साध्या शेतकरी घरातला. गणितात हुशार म्हणून नॉर्थॅलर्टनच्या शाळेत त्याला फुकट शिकायला मिळालं. (आपल्या भाषेत फ्रीशिप.) १७८१ मध्ये तो सैन्यात शिरला, अमेरिकेला गेला आणि तिथे यॉर्कटाउनला इंग्रज हरले तेव्हा कैदेत पडला. सुटल्यावर बरीच वर्षं कॅनडाकडच्या भागात वसाहतवाल्यांच्या जमिनी मोजणे आणि बराकींचा हिशोब ठेवणे अशी नोकरी त्याने केली. सूर्यग्रहण बघताना एक डोळा अधू झाला तोही तिकडेच, असं सांगतात. ज्या माणसाला पुढे दुर्बिणीतून पन्नास-पन्नास किलोमीटरवरचं निशाण बघायचं होतं, त्याच्याकडे धड डोळा एकच होता!

चाळिशी उलटल्यावर तो भारतात आला. १७९९ मध्ये टिपूविरुद्धच्या लढाईत एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी चालत होती. लॅम्बटनने आकाशातले तारे बघून सांगितलं, की आपण उलट्या दिशेने, शत्रूच्या छावणीकडेच चाललो आहोत. आधी कोणाला पटलं नाही, पण तो बरोबर निघाला. लढाई संपल्यावर त्याने सरकारपुढे योजना मांडली, की द्वीपकल्पाचं मोजमाप त्रिकोणमितीने करायचं. आर्थर वेलस्लीने पाठिंबा दिला आणि काम मंजूर झालं. कंपनी सरकारला नवीन मुलखाचे नकाशे हवे होते, सैन्यासाठी आणि महसुलासाठी, हे विसरून चालणार नाही. लॅम्बटनला स्वतःला मात्र पृथ्वीचा आकार काढायचा होता.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली बेसलाइन सुरू झाली. लांबी साडेसात मैल, म्हणजे १२ किलोमीटर. १०० फुटांची पोलादी साखळी होती. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून गेलेली आणि फिरत फिरत कलकत्त्यात आलेली. ती लाकडी पेट्यांमध्ये ताणून, प्रत्येक वेळी थर्मामीटरने तापमान बघून (धातू प्रसरण पावतो ना!) जवळजवळ ४०० वेळा मांडायची. यात ५७ दिवस गेले. सर्व्हे प्रॅक्टिकलला उन्हात टेप धरून दोन तासांत कंटाळणाऱ्या आम्हा सिव्हिलवाल्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

एक बाजू पक्की मोजली की पुढे फक्त कोन मोजायचे. दोन टोकांवरून तिसऱ्या उंच जागेकडे बघायचं, त्रिकोण पूर्ण करायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. त्यासाठी विल्यम कॅरीने बनवलेलं थिओडोलाइट लंडनहून मागवलं होतं, अर्धा टन वजनाचं! येताना वाटेत फ्रेंचांनी जहाजच पकडलं. पण हे शास्त्राचं उपकरण आहे म्हटल्यावर मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने परत पाठवलं.

आता अँटेनाचा प्रश्न इथे येतो. समजा दोन ठिकाणं ५० किलोमीटर लांब आहेत. मधोमध पृथ्वीचा फुगवटा किती? २५ चा वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट, म्हणजे ४९ मीटर. सोळा मजली इमारत! वक्रीभवनामुळे त्यात थोडी सूट मिळते, पण तरी दोन्ही बाजूंना तेवढी उंची पाहिजेच. टेकड्या असतील तिथे ठीक. तंजावरच्या सपाट भातशेतीत उंची कुठून आणणार? लॅम्बटनने देवळांची शिखरं वापरायला घेतली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं कोन मोजायचं वर्तुळच वाकलं.

दुसरा कोणी असता तर विलायतेला रिपोर्ट पाठवून मोकळा झाला असता. लॅम्बटनने तंबू लावला आणि आत जाऊन बसला. सुमारे सहा आठवडे तो ते वर्तुळ स्क्रूंनी हळूहळू ओढून, लाकडी हातोडीने ठोकून मूळ आकारावर आणत होता. दुरुस्त झालेलं तेच यंत्र घेऊन काम पुढे चालू राहिलं. मला विचाराल तर त्याच्या चरित्रातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच.

मद्रास ते मंगळूर रुंदी काढल्यावर जुन्या नकाशात सुमारे ४० मैलांची चूक निघाली. जमीन तेवढी कमी झाली! खर्चावर प्रश्न विचारणारे त्यामुळे गप्प बसले असं नाही, पण काम चालू राहिलं. १८१५ मध्ये बीदरजवळ दामरगिद्दा इथे बेसलाइन मोजली गेली. हे ठिकाण ७७ अंश ४० मिनिटांच्या रेखांशाजवळ येतं आणि आपलं भोकरही नेमकं त्याच रेषेच्या आसपास आहे. तिथून त्रिकोणांची साखळी निजामाच्या मुलखातून, म्हणजे आजच्या नांदेड भागातून, वऱ्हाडातल्या टाकळखेड्याकडे गेली. कन्याकुमारीजवळून तिथपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर. उत्तरेला जाताना अंशाची लांबी किंचित वाढते हे त्यातून दिसलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, ३१० भागांत सुमारे १ भाग, असं त्याचं उत्तर होतं. आज आपण २९८ धरतो. दोर तुटून वाकलेल्या यंत्रावर हे उत्तर काही वाईट नाही.

पावसाळ्यात हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, लांबचं दिसतं, म्हणून काम पावसात चालायचं, आणि म्हणूनच ताप यायचा. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या जंगलात एव्हरेस्टची अख्खी तुकडी आजारी पडली. खुद्द एव्हरेस्टला बरं व्हायला आफ्रिकेच्या केपला जावं लागलं. साहेबांचं आजारपण इतिहासात नोंदलं गेलं. टेकडीवर निशाण धरून उभे राहिलेले खलाशी, यंत्र खांद्यावरून वाहणारे हमाल, यांची नावं पुस्तकात सापडत नाहीत.

या सगळ्याचा आज भोकरला काय उपयोग, तेही सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने उभी पिकं झोपवली, ते सगळ्यांना आठवतं. ढगांवर नजर ठेवायला डॉपलर रडार असतं. नागपूरला आहे, हैदराबादलाही आहे. नागपूर इथून सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर. अंतराचा वर्ग करा, ८,५०० च्या दुपटीने भागा. जमीन सपाट धरली तर नागपूरहून अगदी आडवा निघालेला किरणसुद्धा भोकरवर पोचेपर्यंत ३.७ किलोमीटर उंच गेलेला असतो. हैदराबाद २२० धरलं तर २.८ किलोमीटर. प्रत्यक्षात किरण थोडा वर उचललेला असतो, त्यामुळे आणखीनच उंच जातो. त्याच्या खाली ढगात काय चाललंय ते त्या रडारला दिसत नाही. अँटेना ५० मीटर वर नेली तरी इतक्या अंतरावर फार फरक पडत नाही. रडार जवळच पाहिजे.

लॅम्बटन शेवटपर्यंत चालतच होता. सत्तरीच्या आसपास, खोकला आणि ताप अंगावर काढत, हैदराबादकडून नागपूरला निघाला आणि २० जानेवारी १८२३ ला वाटेत हिंगणघाटला गेला. पुढे एव्हरेस्टने काम हातात घेतलं. उत्तरेच्या मैदानात ना टेकड्या ना उंच देवळं, म्हणून त्याने ५०-५० फुटांचे मनोरे बांधले आणि १८४१ पर्यंत ही रेघ डेहराडूनपाशी नेली. १८६५ मध्ये शिखराला नाव एव्हरेस्टचं मिळालं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली. हैदराबाद-नागपूर हायवेने कधी गेलात तर गाव वाटेतच लागतं.