वाल्डेमार हाफकिन

मुंबईंत परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूटचें नांव सर्वांनीं ऐकलेलें असतें. पण ज्या गृहस्थांचें तें नांव आहे, त्यांची माहिती फार थोड्यांस असते. पुढें वैद्यकी शिकण्याचा ज्यांचा मानस आहे, अशा आपल्या विद्यार्थ्यांनीं तर त्यांचें चरित्र अवश्य जाणून घ्यावें.

हाफकिन यांचा जन्म इ. स. १८६० त ओडेसा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. तेथील विश्वविद्यालयांत मेच्निकॉफ या विख्यात शास्त्रज्ञांच्या हाताखालीं त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. स्वधर्म सोडण्यास ते कबूल नव्हते, म्हणून विद्वत्ता असूनही त्यांना अध्यापकाची जागा मिळाली नाहीं. अखेर देश सोडून ते इ. स. १८८९ त पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें ग्रंथालयाच्या कामावर राहिले. पुस्तकें सांभाळावीं व उरल्या वेळांत जंतूंवर प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम होता. पटकीची लस तयार होतांच १८ जुलै १८९२ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली.

पुढल्या वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. कलकत्त्याच्या वस्त्यांतील लोकांच्या मनांत या नव्या उपायाविषयीं भीति होती. तेव्हां हिंदी डॉक्टर बरोबर घेऊन व सर्वांसमक्ष आपल्याच अंगांत सुई टोचून त्यांनीं लोकांचा विश्वास मिळविला.

इ. स. १८९६ त मुंबईंत प्लेग उद्भवला व हजारों लोक शहर सोडून पळूं लागले. हाफकिन मात्र तेथें धांवून आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली व लगतची ओसरी एवढीच त्यांची प्रयोगशाळा! मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांखालीं ते प्लेगचे जंतु वाढवीत व मग उष्णतेनें ते मारून लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लसहि प्रथम आपणच घेतली. त्यांना ताप भरला, पण अन्य अपाय झाला नाहीं. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोचण्यांत आली व टोचलेल्यांत रोगाचें प्रमाण पुष्कळच कमी आढळलें. आगाखान यांनींहि जाहीरपणें लस घेऊन आपल्या अनुयायांस धीर दिला.

पण कसोटीची वेळ पुढेंच होती. इ. स. १९०२ त पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोचलेल्या १९ माणसांना धनुर्वात होऊन तीं दगावलीं. सर्व ठपका हाफकिन यांजवर आला व त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. वस्तुतः तीं सर्व माणसें एकाच बाटलींतील लस टोचलेलीं होतीं, व ती बाटली उघडणाऱ्या साहाय्यकानें जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करितांच वापरला होता. सर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू उचलून धरल्यावर इ. स. १९०७ त त्यांची निर्दोषता मान्य झाली. तोंवर आयुष्याचीं पांच वर्षें अपमानांत गेलीं होतीं. इ. स. १९३० त स्वित्झर्लंडमध्यें त्यांचा अंत झाला. त्यापूर्वीं पांच वर्षें, इ. स. १९२५ त, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांत दोन धडे आहेत. जो औषध देतो, त्यास त्या औषधाचें पूर्ण ज्ञान हवें. ज्याच्या स्वतःच्या मनांत शंका आहे, त्याच्या शब्दावर रोगी कसा विसंबेल? आणि दुसरा असा कीं, नुसतें ज्ञानहि पुरे नाहीं; हातांतला चिमटा स्वच्छ ठेवण्याची दक्षताहि हवी. एका क्षणाच्या हयगयीनें १९ जीव गेले, एका सत्पुरुषाचें नांव मलिन झालें, आणि लोकांचा विश्वास डळमळला. उद्यां तुमच्यापैकीं कोणी डॉक्टर अथवा परिचारिका होईल, तेव्हां त्यानें हें विसरूं नये.