गव्हर्नर जॉन डाउनी

जॉन गेटली डाउनी यांचा जन्म १८२७ सालीं आयर्लंडांतील रॉसकॉमन परगण्यांत एका कॅथॉलिक घराण्यांत झाला. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें औषधांचें दुकान काढून त्यांनीं पैसा जोडला व तो भारी व्याजानें कर्जाऊ दिला. त्या व्याजापायीं लेम्युएल कार्पेंटर या जमीनदाराची जमीन १८५९ सालीं लिलावांत गेली आणि त्यानें आत्महत्या केली. हा डाग चरित्रकारानें झांकूं नये. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्निया संस्थानाचे गव्हर्नर झाल्यावर, सॅन फ्रान्सिस्को बंदराचे धक्के एका कंपनीच्या हवालीं करणारें बिल त्यांनीं नामंजूर केलें. मक्तेदारी अडविली ती एका सावकारानें! १८७९ सालीं एका प्रॉटेस्टंट व एका यहुदी गृहस्थासह त्यांनीं मेथॉडिस्टांच्या विद्यापीठास जमीन दिली. १८९४ सालीं ते लॉस एंजेलिस येथेंच वारले.