फुलामुलांचे कवी टिळक

आमच्या नौपाड्याहून कल्याण फार दूर नाही. तेथेच रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. त्यांचा जन्म इ. स. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. मातोश्री जानकीबाई ह्यांस कवितेची आवड होती, व ती पुत्राच्या ठायी उतरली.

इ. स. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, तरी लेखणी थांबली नाही. ज्यांकडे कोणी पाहत नाही अशांकडे ते पाहत. ‘वनवासी फूल’ ह्या काव्यात त्यांनी रानात एकटे उमललेल्या फुलाशी संवाद मांडला. ‘केवढे हे क्रौर्य’ ह्या कवितेत घायाळ पक्षिणी पडत उठत आपल्या पिलांपाशी पोहोचते व तेथेच प्राण सोडते. ती वाचून आमच्यापैकी कित्येकांच्या हातातील गोफण खाली राहिली असेल!

इ. स. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावचा त्र्यंबक ठोमरे हा मुलगा ‘बालकवी’ ठरला. टिळकांनी त्यास अहमदनगरास आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी पुत्रवत माया केली. पुढे निसर्गकवी म्हणून तो महाराष्ट्रास परिचित झाला, परंतु इ. स. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. पुढल्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही निवर्तले.

वाचकहो, बांधावरचे रानफूल आपण रोज तुडवितो. एक दिवस त्यापाशी क्षणभर थांबावे, व जे दिसेल ते आपल्या साध्या बोलीत लिहून ठेवावे.